दाखला हा उपाय नव्हे

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. महिना-दीड महिना लोटतो, वर्गांची घडी बसते आणि मग प्रत्येक शाळेच्या शिक्षककक्षात एक-दोन नावे वारंवार कानी पडू लागतात. कोणी शेजारच्या मुलाला मारतो, कोणी चालू तासाला उठून बाहेर जातो, कोणी गुरुजींना उलट उत्तरे देतो, तर कोणी दुसऱ्याच्या वह्या फाडतो. आपल्या वऱ्हाडात अशा मुलाला ‘वांड पोट्टं’ म्हणून लोक मोकळे होतात. शहरात त्यालाच ‘वर्तनसमस्या असलेला विद्यार्थी’ असे भारदस्त नाव मिळते. नाव कोणतेही असो, त्यामागून येणारा प्रश्न एकच असतो : याचे करावयाचे काय?

आपल्या शाळांनी या प्रश्नाला आजवर प्रामुख्याने दोनच उत्तरे दिली आहेत. पहिले छडी आणि दुसरे दाखला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला आणि त्याने ही दोन्ही उत्तरे बेकायदा ठरविली. त्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला मनाई केली. १६ व्या कलमाने आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकण्यास मनाई केली. २०१९ साली या कलमात दुरुस्ती झाली व पाचवी आणि आठवीत मुलांना मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली; परंतु काढून टाकण्याची मनाई तशीच कायम राहिली.

कायदा झाला, तरी प्रश्न संपला नाही. वर्गात तो मुलगा आहेच आणि त्याच्यासमोर उभे राहणारे गुरुजीही आहेत. मग पळवाट निघते. पालकाला बोलावून ‘याला दुसऱ्या शाळेत टाका, त्यातच त्याचे भले आहे’ असे सुचविले जाते. अर्जावर सही पालकाचीच होते आणि दाखला ‘स्वखुशीने’ नेला जातो. त्या दाखल्यावर वर्तणुकीचा रकाना असतो आणि त्यात बहुधा ‘चांगली’ असाच शब्द लिहिलेला असतो. ज्या वर्तणुकीपायी मुलाला शाळा सोडावी लागली, तिची कागदावर कोठेही नोंद होत नाही. पुढच्या शाळेला काही कळत नाही आणि मुलालाही कोणी काही विचारीत नाही.

खर्च कोणी सोसला?

हा विषय शिक्षणशास्त्राचा आहे. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. कारण असे की, दाखला देऊन प्रश्न मिटविणे हा अर्थशास्त्राच्या परिचयाचा व्यवहार आहे. एखाद्या गिरणीने आपले सांडपाणी नदीत सोडावे, तिच्या हिशेबवहीत खर्चाची बाजू हलकी दिसावी आणि तो खर्च नदीकाठच्या गावांनी आजारपणाच्या रूपाने भरावा, तशातला हा प्रकार आहे. शाळेचा त्रास वाचला. परंतु तो नाहीसा झाला नाही. तो प्रथम दुसऱ्या शाळेकडे, नंतर घराकडे, मग चौकातील पानठेल्याकडे आणि काही वेळा पोलीस ठाण्याकडे वर्ग झाला. ज्याने खर्च टाळला त्याच्या वहीत तो दिसत नाही, एवढ्यावरून तो झालाच नाही असे मानणे ही हिशेबातील मोठीच चूक होय.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. ‘आम्हीही मार खाल्ला, म्हणून तर चार अक्षरे शिकलो’, असे आमच्या पिढीतील अनेक जण अभिमानाने सांगतात. ही साक्ष खोटी नाही, पण अपुरी आहे. कारण ती जे टिकले त्यांची साक्ष आहे. त्याच छडीच्या भयाने जे तिसरीत किंवा पाचवीत शाळा सोडून ढोरांमागे किंवा कपाशीच्या वेचणीला गेले, ते आज कोठल्याच परिसंवादात बोलावयास येत नाहीत. उत्तीर्ण झालेल्यांनाच विचारून परीक्षापद्धती ठरविण्यासारखे हे झाले. गळालेल्यांची मोजणी केल्याखेरीज छडीचा नफातोटा काढता येणार नाही.

शिक्षेविषयी अर्थशास्त्रातील एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. इस्रायलमधील हैफा शहरातील पाळणाघरांत काही पालक मुलांना नेण्यास उशिरा येत. उरी ग्नीझी व आल्डो रुस्तिकिनी या अभ्यासकांनी दहा पाळणाघरे निवडली आणि त्यांपैकी सहांत उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला. उशीर कमी होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो वाढला आणि दंड रद्द केल्यावरही पूर्ववत झाला नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा की, दंड म्हणजे किंमत ठरते. पैसे भरले की पूर्वी मनाला लागणारी टोचणी संपते. वर्गातील छडीचेही पुष्कळदा असेच होते. मार खाल्ला की हिशेब मिटला, अशी मुलाची धारणा होते. ज्याला घरीही मारच मिळतो, त्याला तर ही किंमत स्वस्तच वाटते. दोन छड्या मोजून तासाभराची उनाडकी विकत घेणारा विद्यार्थी प्रत्येक शिक्षकाने पाहिला असेल.

वर्तन हे लक्षण

वस्तुतः ताप हा जसा रोग नसून रोगाचे लक्षण असतो, तद्वत वर्गातील वर्तनाचे आहे. मागच्या बाकावर बसून सारखा गोंधळ करणाऱ्या मुलाला फळ्यावरची अक्षरेच दिसत नसतील, तर तो दुसरे काय करील? ज्याला एका कानाने ऐकू येत नाही, तो ‘सांगितलेले ऐकत नाही’ म्हणूनच ओळखला जावयाचा. अक्षरे उलटसुलट दिसणारा किंवा वाचताना अडखळणारा मुलगा, सर्वांदेखत हसे होण्यापेक्षा वर्गाबाहेर हाकलले जाणे पत्करतो. २००७ सालच्या ‘तारे जमीं पर’ या चित्रपटाने हा प्रकार घरोघरी पोचविला आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अध्ययन अक्षमतेला एकवीस दिव्यांगत्वांच्या यादीत स्थान दिले. परंतु पडद्यावरच्या ईशानसाठी डोळे पुसणारे आपण, वर्गातील तशाच मुलाला मात्र ‘मठ्ठ आणि वर उद्धट’ म्हणून मोकळे होतो.

भाषेचेही तसेच आहे. मेळघाटातील कोरकू मुलाची घरची भाषा मराठीहून सर्वस्वी निराळ्या भाषाकुळातील आहे. पहिलीच्या वर्गात त्याच्या कानावर पडणारे शब्द त्याला परके असतात. तो गप्प बसला तर मंद ठरतो आणि उठून बाहेर गेला तर उनाड ठरतो. मैदानी तालुक्यांतील प्रश्न वेगळा आहे. तिवसा, चांदूर, धामणगाव या पट्ट्यात कपाशी आणि सोयाबीन ही घरोघरची पिके. सोयाबीनच्या काढणीपासून कपाशीच्या वेचणीपर्यंत अनेक मुले शाळेत येतात-जातात. एखाद्या वर्षी पीक बुडाले, कर्जाचा तगादा लागला, बाप दारूकडे वळला, तर त्याची पहिली वार्ता कित्येकदा शाळेच्या वर्गातच लागते. कालपर्यंत शांत असलेला मुलगा आज विनाकारण कोणाच्या तरी अंगावर धावून जातो. ज्या जिल्ह्याने शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिल्या, त्या जिल्ह्यातील शिक्षकाला हे निराळे सांगावयास नको.

याचा अर्थ गरिबी म्हणजे बेशिस्त, असा मात्र नव्हे. संपन्न घरातील मुलेही तितकीच अस्वस्थ असू शकतात आणि अत्यंत हलाखीत वाढलेली मुले अत्यंत समजूतदार असतात. मुद्दा एवढाच की, कारण शोधल्यावाचून उपाय ठरविता येत नाही. शोध घेण्याची थोडीबहुत व्यवस्था अस्तित्वातही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली महाराष्ट्रातच पालघर येथे झाला. त्याखाली फिरत्या वैद्यकीय पथकाने अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करावयाची असते. तिच्यात दृष्टी, श्रवण आणि विकासातील विलंब यांचाही समावेश आहे. परंतु तपासणीच्या दिवशी नेमका तो वांड मुलगाच गैरहजर असतो! आणि हजर असला तरी ‘पुढील तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात पाठवा’ असा शेरा मिळाल्यावर, रोजी बुडवून व एसटीचे भाडे खर्चून त्याला अमरावतीला नेणार कोण, हे त्या कागदावर लिहिलेले नसते.

शाळा बदलली, मुले बदलली

मुलाला बदलण्याआधी शाळेने थोडे बदलून पाहावे, हा विचार परदेशातून आणावयाची गरज नाही. लग्नानंतर काही वर्षे अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. तेथील वारली मुले शाळेत येत नसत, कारण त्यांना गुरे राखावयाची असत. त्यांना ‘शिक्षणाची आवड नाही’ असा शेरा मारणे सोपे होते. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली, तीच ‘कुरणशाळा’. धाकट्या भावंडांना सांभाळावे लागते म्हणून मुली घरी राहत, तेव्हा शाळेलाच पाळणाघर व बालवाडी जोडली. १९८५ साली कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी सुरू केलेल्या ‘सृजन आनंद विद्यालया’ने शिक्षा आणि स्पर्धा या दोहोंवाचून शाळा चालविता येते, हे दाखवून दिले.

आपल्या जिल्ह्यातील उदाहरण याहूनही बोलके आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने ज्या जमातींच्या कपाळी जन्मजात ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारला, त्यांत पारधी होते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. शिक्का मात्र लोकांच्या मनातून पुसला गेला नाही. गावात चोरी झाली की संशय पारध्यांच्या बेड्यावर आणि वर्गात पेन्सिल हरवली की नजर पारध्याच्या पोरावर, हा अनुभव त्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या घेतला. फासेपारधी समाजातच जन्मलेले व जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असलेले मतीन भोसले यांनी नोकरी सोडली आणि नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील मंगरूळ चव्हाळा येथे २०१२ साली भीक मागणाऱ्या, भटकणाऱ्या मुलांसाठी आश्रमशाळा काढली. तिचे नावच त्यांनी ‘प्रश्नचिन्ह’ असे ठेविले. कोणत्याही नेहमीच्या शाळेने ‘वर्गात बसू शकणार नाहीत’ म्हणून सोडून दिली असती, अशी ही मुले तेथे बसतात आणि शिकतात. मुले तीच आहेत, त्यांचे पूर्वायुष्यही तेच आहे. बदलले ते एवढेच की, त्यांच्याकडे संशयाने न पाहणारा कोणी तरी वर्गात उभा राहिला.

आमच्या तिवसा तालुक्यातील मोझरीला १९३५ साली गुरुकुंज आश्रम उभारणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे स्वतःचे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपुढे गेले नव्हते. भजनात रमणारा आणि रानावनात निघून जाणारा तो बालक आजच्या एखाद्या शाळेच्या हजेरीपटावर असता, तर त्याच्या नावापुढे काय शेरा पडला असता, याची कल्पना प्रत्येकाने करून पाहावी. प्रत्येक उनाड मुलात संत दडलेला असतो, असे मला म्हणावयाचे नाही. शाळेच्या चौकटीत न मावणारे प्रत्येक वर्तन हा दोषच असतो असे नाही, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

दीर्घ मुदतीचा हिशेब

अशा कामावरील खर्च परवडतो काय, याचा विचार अर्थशास्त्राने केला आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात इप्सिलांटी या गावी १९६२ साली ‘पेरी’ बालशाळेचा प्रयोग सुरू झाला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलांपैकी ५८ मुलांना या शाळेत घेतले आणि उरलेल्यांशी त्यांची तुलना केली. मुले अवघी तीन-चार वर्षांची होती. शिक्षिका आठवड्यातून एकदा प्रत्येकाच्या घरी जाऊन आईशी बोलत. बुद्धिमापन चाचणीत या मुलांना मिळालेली आघाडी काही वर्षांत ओसरली, तेव्हा प्रयोग फसला असेच अनेकांना वाटले. परंतु संशोधकांनी चाळिशीपर्यंत त्यांचा माग ठेवला, तेव्हा त्यांची मिळकत अधिक आणि त्यांच्यावरील गुन्हे कमी आढळले. अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे २००० सालचे एक मानकरी जेम्स हेकमन यांनी सहकाऱ्यांसह या माहितीचा पुन्हा अभ्यास केला. लाभाचा मोठा भाग बुद्ध्यांकातून नव्हे, तर सुधारलेल्या वर्तनातून आला, असे त्यांनी २०१३ साली दाखवून दिले. तुरुंग, न्यायालये आणि बेकारी यांवरील जो खर्च वाचला, तोच त्या शाळेचा नफा. आपल्याकडेही गुरुजींनी संध्याकाळी विद्यार्थ्याच्या ओट्यावर जाऊन बसण्याची पद्धत होती. तिची किंमत आपण तेव्हा मोजली नाही आणि ती गेली तेव्हाही कोणाला काही गमावल्यासारखे वाटले नाही.

गुरुजींच्या बाजूने

हे सारे शिक्षकाच्या एकट्याच्या माथी मारणे हा मात्र अन्याय होईल. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. म्हणजे एका गुरुजींसमोर दोन-तीन इयत्ता एकाच वेळी बसलेल्या. त्यातच निवडणूक, जनगणना आणि रोजचे माहिती भरण्याचे काम. अशा वर्गात एक मुलगा उठून धावू लागला, तर त्याच्यामागे जावयाचे की उरलेल्या पंचवीस जणांना शिकवावयाचे? त्या पंचवीस जणांचाही शिक्षणावर आणि सुरक्षिततेवर तितकाच हक्क आहे. ज्याचे डोके फुटले त्या मुलाच्या आईला मानसशास्त्र ऐकवून भागत नाही. दुसरीकडे पालकसभेत बाप हात जोडून म्हणतो, ‘गुरुजी, पोट्टं काई ऐकत नाई. तुमी हाना त्याले, माही काई तक्रार नाई.’ छडी हातची गेली आणि बदल्यात हाती काही आले नाही, ही शिक्षकांची तक्रार खरी आहे. शासनाने मनाई केली. पर्याय दिला नाही.

हा पर्याय आता टाळता येणार नाही. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता असावा आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा, असे त्यांत म्हटले आहे. खेड्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांची पटसंख्या पुष्कळदा शंभराच्या आतच असते. तेव्हा ग्रामीण मुलाचे भवितव्य या ‘रीतसर संबंधा’वर अवलंबून राहणार. तो केवळ एका दूरध्वनी क्रमांकापुरता उरू नये, ही दक्षता आपणच घ्यावयास हवी.

काय करता येईल? आपल्याकडे शाळांची केंद्रनिहाय रचना आहे. केंद्रप्रमुख आहेत, केंद्राच्या शिक्षण परिषदा भरतात. प्रत्येक केंद्रासाठी एक फिरता समुपदेशक नेमावा आणि ठरलेल्या वारी तो ठरलेल्या शाळेत यावा. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एक दिवस जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या तज्ज्ञांनी मुलांसाठी राखून ठेवावा, म्हणजे अमरावतीचे हेलपाटे वाचतील. वर्तनाची तक्रार आली की शिक्षेआधी डोळे आणि कान यांची तपासणी व्हावी. शिक्षकाने एक साधी वही ठेवावी आणि गोंधळ केव्हा झाला, त्याच्या आधी काय घडले, नंतर मुलाला काय मिळाले, एवढे तीन रकाने महिनाभर भरावेत. गणिताच्या तासालाच तो का बिथरतो, सोमवारीच का मारामारी होते, याचे उत्तर त्या वहीत बहुधा सापडते. प्रत्येक अशा मुलासाठी शाळेतील एका शिक्षकाने रोजची पाच मिनिटे बोलण्यासाठी द्यावीत. अभ्यासाविषयी नव्हे, सहज बोलण्यासाठी. आणि शेवटची गोष्ट म्हणजे, शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. त्या समितीपुढे चर्चा झाल्याखेरीज आणि मुलासाठी काय काय करून पाहिले याची नोंद असल्याखेरीज मध्येच दाखला निघू नये.

यात अवघड असे फारसे काही नाही. खर्चही आवाक्याबाहेरचा नाही. अवघड आहे ते आपल्या मनातील एक हिशेब बदलणे. वर्गातील एक मुलगा गेल्याने वर्ग शांत होतो, म्हणून सर्वांचा फायदा झाला, असा तो हिशेब आहे. शिक्षकांनी तो तपासून पाहावा. दाखल्याच्या नोंदवहीत नाव लिहिणाऱ्या लिपिकांनी, शाळा सोडण्याचे कारण लिहिताना क्षणभर थांबून खरे कारण विचारावे. आणि आज महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या पाचवीच्या वर्गातील मागच्या बाकावरचा तो सवंगडी आठवावा व तो आज कोठे आहे, याची चौकशी करावी. आपल्या गावातील शाळेत या वर्षीही तसाच एक मुलगा बसलेला आहे. डिसेंबरात, ऐन वेचणीच्या दिवसांत, तो त्या बाकावर असेल की नाही, याचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे आणि तो आपल्याच हाती आहे.